धुराड्याचा खोकला

धुराडं खोकतंय ही बातमी पहिल्यांदा आणली ती समोरच्या लाँड्रीवालीने. हातात पांढरी चादर, चादरीवर काळे ठिपके, आणि चेहरा असा की तिच्या पोटच्या पोरीलाच कुणीतरी डाग लावलाय.

"मिस्त्रीणबाई, हे बघा! सरळ धूर सोडेल तर शपथ. एक काळा भपका, मग जरा दम खाणार, मग परत भपका. अहो, म्हाताऱ्या माणसासारखं खोकतंय तुमचं धुराडं!"

"साबण माझ्याकडून," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"आणि हात कुणाचे?" लाँड्रीवाली फणकारली, आणि चादर झटकत निघून गेली.

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे, ते निम्मं थट्टेने आणि निम्मं अगदी खरं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पाना कुठला आणि पक्कड कुठली हेही कळत नव्हतं. तिला शिकवलं सासऱ्यांनी. सासरे म्हणजे उस्ताद. अख्ख्या रस्त्याला त्यांचं दुसरं नाव माहीतच नव्हतं. पोटचा मुलगा औषधाच्या दुकानात गेला, हाताला ग्रीस लागू दिलं नाही त्याने. मग उस्तादांनी आपली सगळी विद्या सुनेच्या ओंजळीत ओतली, आणि तिनेही थेंब सांडू दिला नाही.

आणि मग उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, आणि त्याच्यासोबत बोलणंही गेलं. उरला एकच हुंकार, 'हं'. होकाराला हं, नकाराला हं, आणि राग आला तरी हंच. वरच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भरवलं तर गिळायचे, नाही भरवलं तर मागायचेही नाहीत. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता. शेवटी थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी सुनेने लंबूला हाक मारली. लंबू म्हणजे टायरचं काम बघणारा गडी, दारातून वाकूनच आत यायचा. दोघांनी मिळून उस्तादांना खुर्चीसकट उचललं आणि खाली गॅरेजमध्ये आणून बर्नरशेजारी बसवलं. त्यांनी ऑईलचा वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग म्हणाले, "हं."

त्या हंचा अर्थ सांगायला कुणाची गरज लागली नाही.

नुसतं बसवून कसं चालेल? उस्ताद काय शोभेची बाहुली आहेत? तिने त्यांच्या डाव्या हातात एअरगन दिली. धुतलेले नटबोल्ट, झडपा, जाळ्या टोपलीत भरून समोर ठेवायच्या, आणि त्यांनी हवा मारून त्या कोरड्या करायच्या. गॅरेजच्या हवेच्या मोठ्या लाईनच्या जोराने अशक्त हात मागे उसळायचा, म्हणून तिने मुद्दाम त्यांच्यासाठी मऊ हवेची वेगळी नळी काढून दिली. त्या दिवसापासून उस्ताद स्वतःच्या हाताने जेवायला लागले.

आता बर्नरबद्दल सांगायला हवं. गॅरेजमधली सगळी ऊब त्याच्यावर. तो जाळायचा काय, तर जळकं ऑईल. गाड्यांनी वापरून ओकून टाकलेलं, डांबरासारखं काळं, कुणी फुकट नेईना असलं. ते आधी तापवायचं, मग नोझलच्या तोंडाशी हवेच्या झोताने फोडायचं, इतकं बारीक की नुसतं धुकं व्हावं. थेंब जाड राहिला की तो वरवर जळतो, आत काळाच राहतो, आणि त्याची होते काजळी. पण हवा बरोबर लागली, की मग बघा! इतकी वर्षं झाली, तरी ज्योत बघायच्या काचेशी वाकलं की तिच्या अंगावर काटाच यायचा. एवढ्या घाणीतून एवढं सोनं? पिवळंधमक, कडेला पांढरं, गर्जत असलेलं, आणि धुराचा मागमूस नाही. उस्तादांनी तिला पहिल्यांदा ही ज्योत दाखवली तेव्हा तिने हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

तोच बर्नर आता काजळी ओकत होता, आणि नेमकं त्याच संध्याकाळी नवऱ्याने रुमालाने वडिलांचं नाक पुसलं. रुमाल काळा.

"बास झालं," तो म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता हो; दिवसभर खोकल्याची औषधं विकणाऱ्याला धुराची भीती जरा जास्तच असते. "रविवारपर्यंत धूर थांबला तर ठीक. नाही थांबला तर बाबा वर राहतील. त्यांची छाती गेली तर काय करायचं मी?"

"अहो, वर ते..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. वरची खोली म्हणजे परत ती भिंत. हे त्यालाही कळत होतं, म्हणून त्याने मान फिरवली.

मग मिस्त्रीणबाईने पदर खोचला म्हणा किंवा बाह्या सरसावल्या म्हणा, ती बर्नरच्या मागे लागली. टाकीच्या तळाशी पाणी साचलं असेल, म्हणून तळाची तोटी उघडून पाणी सोडलं. गाळणी धुतली. नोझल उघडून त्याचं सुईएवढं भोक साफ केलं. ऑईल पुरेसं तापतंय का, तेही हात पोळेपर्यंत पाहिलं. लंबूला छपरावर चढवून धुराडं झाडून घेतलं. तो उतरला तेव्हा फक्त दात ओळखू येत होते.

दर वेळी ती काचेशी गुडघे टेकून वाकायची, आणि दर वेळी ज्योत कशी? लखलखीत! शेजारी हवेचा दाब दाखवणारं घड्याळ, त्याचाही काटा जागच्या जागी. उठून पाना ठेवला की थोड्या वेळाने लाँड्रीवालीची हाक: "खोकलं बघा परत!"

"वहिनी, याला ना लाज वाटते," लंबू म्हणाला. "पाहुण्यांसमोर शहाणं, पाठ फिरली की परत वांड."

"तुला थट्टा सुचतेय? माझ्या नाकी नऊ आलेत."

"थट्टा नाही. तुम्ही त्याच्याकडे बघतच बसा. मी गाड्या बघतो."

तो बोलला थट्टेतच, पण शनिवारी दुपारी तिला ते पटलं. काचेशी वाकून दिवसभर कोण राहणार? तिने भंगारातल्या एका गाडीचा बाजूचा आरसा काढला, तारेने लोखंडी काठीला बांधला आणि काचेसमोर असा तिरपा उभा केला की कामाच्या टेबलापासून ज्योत दिसावी. आरशात ती सोनेरी जीभ नाचायला लागली आणि पूर्ण कोपरा उजळून निघाला. उस्तादांच्या चेहऱ्यावरही तो उजेड पडला. तेवढ्यात बाहेर एका गिऱ्हाईकाने हॉर्नवर हात दाबून धरला, आणि ती कपाळावर आठ्या घालून बाहेर गेली. गाडी नुसती बंद पडली असती तर बरं, गिऱ्हाईकाचं तोंड चालूच होतं; तिला परत यायला बराच उशीर झाला.

पण परत आली आणि बघते तर काय, ज्योत स्वच्छ. तासाभराने स्वच्छ. दिवे लावायची वेळ झाली तरी स्वच्छ, आणि लाँड्रीवालीची हाक नाही. तिच्या जिवात जीव आला. नोझलच ते, तिने मनाशी ठरवलं. भोकात काहीतरी अडकलं होतं, ते जळून गेलं असेल. त्या आनंदात उस्तादांची एअरगन खुंटीला टांगलेली आहे आणि टोपली अर्धी ओलीच आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी सकाळी नवरा खाली उतरला. बर्नर शांतपणे गुरगुरत होता. त्याने धुराड्याकडे पाहिलं, मान डोलावली. मग वडिलांकडे पाहिलं. उस्ताद मांडीवर हात ठेवून बसले होते. समोर टोपली तशीच, गन खुंटीवर.

"धूर नाही, मान्य," तो हळूच म्हणाला. "पण हे बघ ना. आता तर हातही हलवत नाहीत. थकलेत गं ते. इथे बसून काय आणि वर बसून काय."

धुराशी लढता येतं. थकलेल्या माणसाशी कसं लढणार? तिने खुंटीवरची गन काढली आणि उस्तादांच्या हातात दिली.

"बाबा, यांना दाखवा ना. ही एवढी टोपली."

"हं!" उस्तादांनी गन परत खुंटीला लावली.

"बाबा, माझ्यासाठी."

"हं!!" या वेळी त्यांनी तिचा हातच बाजूला सारला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लंबू खुर्ची उचलायला पुढे आला.

तेव्हा उस्तादांनी तिची बाही पकडली. डाव्या हाताची पकड अशी की शिवण उसवावी. हनुवटीने ते आरशाकडे दाखवत होते, परत परत.

"उस्तादांना दाढी करायची असेल," लंबू म्हणाला.

"गप बस जरा!" ती म्हणाली, आणि आरशासमोर वाकली. नवराही वाकला.

उस्तादांचा एक नियम होता, गॅरेजमधल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्यांनी तो ठोकून बसवला होता: जवळ कुणी वाकलेलं असताना हवा मारायची नाही. कचरा डोळ्यात गेला तर डोळा परत मिळत नाही. आयुष्यात त्यांनी हा नियम पहिल्यांदा मोडला. गन खुंटीवरून काढली, तिचं तोंड छताकडे केलं, आणि दाबली.

स्स्स्स. आरशातलं सोनं ढासळलं. ज्योत लाल झाली, लांबलचक, आळशी, टोकाला काळी शेपटी फुटलेली. घड्याळातला काटा धाडकन खाली आला.

त्यांनी बोट सोडलं. काटा वर, आणि ज्योत परत लख्ख.

दाबलं, लाल. सोडलं, सोनेरी. बाहेरून लाँड्रीवाली ओरडली, "अगं बाई, खोकलं परत!" आणि उस्ताद, तो अर्धा निर्जीव, मुका माणूस, एका बोटाने त्या आगीला झुकवत होता आणि उभी करत होता. आग त्याचं ऐकत होती. नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच. मिस्त्रीणबाईला वाटलं, आपण देवळात उभ्या आहोत.

"वहिनी," लंबू कुजबुजला, "उस्ताद बोलले."

हो, बोललेच. आणि तिला शब्द न् शब्द कळला. ती मऊ हवेची नळी तिनेच काढली होती, आणि कुठून काढली होती? बर्नरच्या बारीक नळीतून! तिथली हवा रेग्युलेटरने आधीच हळू केलेली असते, अशक्त हाताला सोसेल अशी. म्हणून उस्तादांनी गन दाबली की बर्नरच्या तोंडचा घास जायचा. आणि ती काचेशी वाकली की ते नियम पाळून हात आवरायचे, मग ज्योत दिसणार कशी वाईट? काखेत कळसा आणि गावाला वळसा! टाकी उपसली, गाळणी धुतली, धुराडं झाडलं, साप साप म्हणून भुई धोपटली सगळी.

पण हे सगळं कळून झाल्यावर आणखी एक गोष्ट कळली. उस्तादांना हे काल दुपारीच दिसलं होतं, त्या आरशात. सांगायला तोंड नाही. मग त्यांनी गन खुंटीला टांगली आणि हात मांडीवर ठेवला. ज्या कामाने ते परत जेवायला लागले होते, ते काम त्यांनी त्या ज्योतीसाठी, या गॅरेजसाठी, एक शब्द न बोलता सोडून दिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुढे रडूच आलं. लंबूने सगळ्यांकडे पाठ केली आणि उगाच एक टायर तपासायला घेतला.

डोळे पुसून ती उठली. रंगाच्या गनचा एक जुना रेग्युलेटर फळीवर पडून होता. लंबूने नळी कापली, तिने बर्नरच्या लाईनचं भोक बुजवलं, आणि उस्तादांची हवा मोठ्या लाईनवरून नव्या रेग्युलेटरमधून काढली, पहिल्यासारखीच मऊ. उस्ताद प्रत्येक नट घट्ट होताना बघत होते. एका नटाचे आटे चुकीचे बसले तेव्हा 'हं' करून तिला तो परत खोलायला लावला.

नवऱ्याने दुकानात जायचे कपडे घातले होते. तरी तो काळ्या फरशीवर गुडघे टेकून आरशाशी बसला. "मी बघतो," तो म्हणाला. "दाबा, बाबा."

उस्तादांनी गन उचलली, पण दाबेनात.

"बाबा? दाबा ना."

"हं," उस्ताद म्हणाले, आणि गनने त्याला बाजूला व्हायची खूण केली.

मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं. लहानपणी त्यानेही तो नियम ऐकला होता, आणि मग या जागेकडे पाठ फिरवली होती. तो उठला, पँटचे काळे गुडघे तसेच ठेवून चार हात मागे जाऊन उभा राहिला.

"सरकलो, उस्ताद," तो म्हणाला.

उस्तादांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टोपली जवळ ओढली आणि हवा मारायला सुरुवात केली. आरशातली ज्योत जागची हलली नाही.