माझ्या मागच्या चाकांचं दुखणं

मित्रांनो, चूक डोळ्यांसमोर चाललेली असताना जो माणूस खुर्चीत बसून चहा फुंकत राहतो, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे त्याला बाबा म्हणतात. मी त्याला म्हातारा म्हणते. वर्षभर हा म्हातारा माझ्यापासून चार हातांवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. पायांवर शाल, हातात कप, आणि नजर अशी की जणू मी कुणा शेजाऱ्याची आहे. त्याच्या या वागण्याची तक्रार करायलाच मी आज बोलते आहे. बाकी माझी कहाणी ओघाने येईलच.

मी एक जुनी, दोन दारांची, बुटकी, लाल गाडी आहे. वेगासाठी जन्मले. कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला, तेव्हाच माझ्या अंगात ताठा होता. मला शाळा नाही, अंक मला फक्त मीटरवरचे कळतात, पण रस्ता कसा आहे ते मला चाकांतून समजतं. आणि मी खोटं बोलत नाही. बोलायला मला येत नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ऐकणाऱ्याला मी नेहमी ऐकू आले आहे.

माझा पहिला मालक हौशी होता, पण आळशी. त्याने मला उन्हात उभी केली आणि विसरून गेला. माझा रंग उडाला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. तिथून मला या म्हाताऱ्याने आणलं. तेव्हा तो म्हातारा नव्हता. लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता, दंडाने जाड, बोलायला तिखट. त्याने मला नट न् नट सुटी केली आणि पुन्हा जोडली. इंजिन बदललं. आखूड स्प्रिंगा घालून मला जमिनीजवळ आणलं. शेजारी हसायचे, "अहो, हिला बसवताय की झोपवताय?" तो म्हणायचा, "तुमची बायको तुम्ही सांभाळा, माझी गाडी मी बघतो."

मित्रांनो, गाडी खाली आणली की तिची मागची चाकं रुसतात. त्यांची डोकी आत झुकतात आणि पावलं वाकडी पडतात. तुम्ही चालताना दोन्ही पायांची बोटं बाहेर फेकून बघा, कसे डगमगता ते. गाडीचंही तसंच. मागच्या चाकांची बोटं बाहेर गेली, की ब्रेक दाबताच तिची शेपटी पुढे यायला बघते. म्हणून म्हातारा माझ्या दोन्ही अंगांना लांब दोरी ताणायचा, दोरीपासून चाकाची पुढची कड मोजायचा, मागची कड मोजायचा, आणि केसभर फरक दिसला तरी पुन्हा खाली शिरायचा. त्यासाठी त्याने जाड लाकडाचे चार ठोकळे केले होते. चाकं ठोकळ्यांवर चढवायची, म्हणजे माझं वजन माझ्याच पायांवर राहतं आणि खाली माणूस सरकायला जागा होते. मागचे बोल्ट तो कायम तसेच आवळायचा. मी उभी असताना.

त्या वर्षांत माझं कौतुक फार झालं. घाटात वेळ लावून गाड्या पळवायची शर्यत असे. मी वळणावर अशी बसायचे की बघणारे टाळी वाजवायला विसरायचे. त्याची लहानगी लेक कठड्यावर उभी राहून ओरडायची, "बाबा, शेपटी हलली नाही!" तिला तेव्हाच कळत होतं, कुठे बघायचं ते.

मग त्याचे गुडघे गेले. क्लच दाबता येईना. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर धूळ आली. तक्रार नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येतं, ताडपत्री मात्र सगळ्यांच्या नशिबी येत नाही.

लेक मोठी झाली, लग्न झालं, आणि म्हाताऱ्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. नवरा-बायको शेजारच्याच घरात राहायला आले, त्यामुळे माझी शेडही तीच राहिली आणि म्हाताऱ्याची खुर्चीही. जावई स्वभावाने गोड. लिफ्ट दुरुस्त करण्याचं त्याचं काम. हात स्वच्छ, पाने ओळीने लावलेले, एकही नट कधी हरवायचा नाही. त्याने मला रुंद टायर घातले, मागे चाकांना धरणारे, लांबी कमी-जास्त करता येईल असे नवे आर्म बसवले, त्यांच्या टोकांना नवी रबरी बुशं घातली. जीव ओतून केलं सगळं. पण लिफ्टवाल्याच्या जगात सगळं लटकलेलं असतं. पिंजरा लटकलेला, दोर लटकलेला. लटकतं तेव्हाच ते आपल्या जागी असतं, असं त्याच्या हातांना वाटायचं. त्याने मला स्टँडवर चढवलं, माझी चाकं हवेत लोंबत ठेवली, आणि मागचे सगळे बोल्ट करकचून आवळले.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. तोंड उघडलं आणि म्हणाला, "अहो जावईबापू, तुमच्या लिफ्टला पाय नसतात, हिला आहेत."

आता हे काय सांगणं झालं? टोमणा होता तो. जावयाचे कान लाल झाले. लेक मध्ये पडली.

"बाबा, गाडी दिलीस ना?"

"दिली."

"मग देऊन टाक. सारखा मागून हात नको लावूस."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "बरं. या गाडीबद्दल आजपासून माझा एक शब्द नाही." आणि पठ्ठ्याने तो शब्द पाळला! आयुष्यात औषधाची वेळ कधी पाळली नाही, हे मात्र पाळलं. ठोकळे नेऊन अंगणात ठेवले. लेकीने त्यांवर कुंड्या मांडल्या.

आता माझं दुखणं ऐका. बुश म्हणजे रबराची उशी. बोल्ट आवळला की ती जिथे असेल तिथे पकडली जाते. माझे पाय लोंबत असताना ती पकडली, म्हणजे मी जमिनीवर उतरले की रबराला पीळ बसणार. ओला टॉवेल पिळतात ना, तसा. पिळलेलं रबर मला वर उचलून धरायचं. त्या अवघडल्या अंगाने जावई मला मापायचा. दोरी बरोबर, आकडे बरोबर, सगळं बरोबर! मग लेक मला रस्त्यावर काढायची. दोन-चार खड्डे, थोडे ब्रेक, की रबर हार मानायचं, मी खाली बसायचे आणि चाकांची बोटं बाहेर. जावई पुन्हा मापायचा, पुन्हा हवेत लटकवायचा, पुन्हा आवळायचा. बुशं फाटली की नवी आणायचा, तीही तशीच आवळायचा. त्याची पाठ धरली, पण चिकाटी सुटेना.

"मापलं तेव्हा बरोबर होतं गं," तो म्हणायचा.

"मापताना मी चालवत नसते," लेक म्हणायची.

म्हातारा चहा फुंकायचा.

आणि मग तो दिवस आला. घाटात उतारावर वळण, लेकीने ब्रेक दाबला, आणि माझी शेपटी सुटली. मी आवरायचा जिवाचा आटापिटा केला, पण वाकड्या पावलांनी कोण किती आवरणार? दरी, डोंगर, दरी, डोंगर, असं सगळं गरगरलं आणि मी डोंगराच्या अंगाला मातीत घुसून थांबले. दुसऱ्या अंगाला गेले असते तर ही कहाणी तुम्हाला कुणी सांगितली नसती. लेकीने स्टिअरिंग सोडलंच नाही. बोटं उघडेनात तिची.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हिची चेसीच वाकली असणार. सुटे भाग करून टाकू. मला पुन्हा बसायचं नाही."

माझी चेसी वाकलेली, म्हणजे हाडंच वाकलेली! बारा गावचं पाणी प्यालेली मी, मला ते ऐकावं लागलं. पण पोरीचा आवाज असा कापत होता की मला रागही पुरता आला नाही. भंगारवाल्याशी बोलणं झालं, रविवारी दुपारी तो येणार होता. जावई म्हणाला, "सकाळी मला एकदा शेवटचं करून बघू दे. सरळ झाली तर ठेवू, नाही तर दुपारी मी स्वतः ढकलून त्याच्या ट्रकमध्ये चढवेन."

रविवारी सकाळी मी पुन्हा स्टँडवर. नवी बुशं, सैल बोल्ट, चाकं हवेत. खरं सांगते मित्रांनो, मला आता कंटाळा आला होता. कापा एकदाची आणि सोडा, असं वाटत होतं. लेक दाराला टेकून उभी होती. जावयाने पाना बोल्टला लावला.

तेवढ्यात अंगणातून घसटण्याचा आवाज आला. म्हातारा कुंड्या उतरवत होता. एक कुंडी फुटली. तो एक ठोकळा छातीशी धरून गुडघे मोडत आत आला, धापा टाकत.

"बाबा, हे काय?" लेक म्हणाली.

"मला गाडीत बसायचंय."

"आता?" जावई खालून म्हणाला. "हवेत आहे ती. पडाल."

"मग उतरवा. पण या ठोकळ्यांवर उतरवा. मला जास्त वाकता येत नाही, थोडी उंच बरी."

बघा खोटारडेपणा! तरीही शब्द पाळल्याचं सोंग. जावई बिचारा सासऱ्याला नाही कसं म्हणणार? त्याने उरलेले ठोकळे आणले, माझी चाकं त्यांवर टेकवली. कितीतरी दिवसांनी माझे सैल सांधे आपल्या जागी बसले. म्हातारा कण्हत आत शिरला, चालकाच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "आता काय आवळायचं ते आवळा. मी बसतो इथेच."

जावई खाली सरकला. पाना बोल्टला न लावता त्याने आर्म हाताने चाचपला.

"अरे," तो खालून म्हणाला, स्वतःशीच. "आर्म तर पार वर गेला. मी आजवर तो खाली असताना आवळत होतो. म्हणजे रबराला सगळा पीळ मीच देत होतो." मग तो बाहेर आला. तोंडावर काळं ग्रीस, आणि डोळे म्हाताऱ्यावर. "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला काय विचारता? गाडी तुमची."

"बाबा," लेक म्हणाली. "माहीत होतं का?"

म्हातारा माझ्या मीटरकडे बघत राहिला. मीटरवर शून्य होतं.

"होतं."

"मी घाटात गरगरले, तेव्हा?"

"तेव्हाही होतं. वाटलं, आता विचारतील. आज विचारतील, उद्या विचारतील. कुणी विचारलं नाही."

मला वाटलं, आता पोरगी आकाशपाताळ एक करेल. तिने दार उघडलं.

"उतर."

"अगं, वजन लागतं आत. कुणीतरी बसलेलं असेल तरच माप खरं..."

"माहीत आहे. माझं वजन लागतं. चालवणार मी आहे."

म्हातारा उतरला. जावयाने त्याला हात दिला, आणि तो त्याने घेतला. लेक सीटवर बसली. घाटानंतर पहिल्यांदाच. तिने सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. जावयाने मला मागून दोन-तीनदा दाबून हलवलं, सांधे बसू दिले, मग एकेक बोल्ट आवळला. दोरी ताणली. केसभर आत, केसभर बाहेर, पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हातारा बाजूला उभा होता. एकदा फक्त म्हणाला, "उजवीकडची अजून जराशी आत," आणि जावई म्हणाला, "बघतो, बाबा."

मग आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो, मी, लेक आणि जावई. खड्डे घेतले. ब्रेक दाबले, आधी भीत भीत, मग जोरात. लेकीने डोळे बारीक केले आणि पूर्ण ताकदीने पाय दिला. माझं नाक खाली गेलं आणि मी रेघेसारखी सरळ थांबले. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. जावयाने फोन काढला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "नका येऊ. घरची आहे ती."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेल-पाणी लागतं, हवा लागते, पुसायला फडकं लागतं. ते सगळं तुम्ही करता, मोठ्या प्रेमाने करता. पण दुखतंय कुठे हे दिसल्यावर तोंड उघडणं, तेही काळजी घेण्यातच येतं. टोमणा मारणं त्यात येत नाही. मी थकले आहे, मला फार काही मागायचं नाही. एवढं मात्र करा.

आम्ही परत आलो तेव्हा म्हातारा अंगणात फुटलेल्या कुंडीची माती ओंजळीने गोळा करत होता. लेक माझ्यातून उतरून त्याच्याकडे न बघता घरात गेली. मी त्याच्यासमोर उभी होते, गरम, टिकटिक करत. त्याने मान वर केली. माझी टिकटिक त्याच्याइतकी कुणालाच समजत नाही, म्हणून मी त्याला तोंडावर सांगितलं:

"म्हाताऱ्या, जावई चुकला, त्याला मी माफ केलं. तू चुकला नाहीस. तू रुसून बसलास, आणि लेक दरीच्या काठावर गरगरली. लेक माफ करेल न करेल, तिचं ती बघेल. माझं सांगते. माझ्या स्टिअरिंगला आता तू हात लावायचा नाहीस. तिने नेलं, तर तिच्या शेजारी बसायचंस, पट्टा लावून, आणि शेपटी हलली की तिथल्या तिथे ओरडायचंस."