जालन्याच्या भंगारात आलेली कार्थेजची चोच

मित्रांनो, मी एक चोच आहे, पण पक्ष्याची नव्हे, जहाजाची. माझं वय बावीसशे वर्षांच्या पुढे आहे. सध्या मी एका सरकारी खोलीत लोखंडी मांडणीवर पडून असते. माझं बोलणं तुम्हाला कोरडं वाटेल. मी काशाची आहे आणि फार काळ पाण्याखाली होते. तेवढं सांभाळून घ्या.

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आज जिथे ट्युनिशिया देश आहे तिथे, कार्थेज नावाचं शहर होतं. पूर्वेकडच्या टायर नावाच्या बंदरातून आलेल्या फिनिशियन लोकांनी ते वसवलं होतं. ते लोक शेती करत, पण त्यांचा जीव समुद्रात होता. जांभळा रंग, काच, कथिल, हस्तिदंत असं काय काय घेऊन ते किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरत. त्यांच्या शहरात लढाऊ जहाजांसाठी एक गोल बंदर होतं. गोठ्यात बैल बांधावेत तशी तिथे दोनशे जहाजं ओळीनं उभी असत.

त्या बंदरात माझा जन्म झाला. कारागिरांनी जहाजाच्या नाकावर मेण थापलं आणि माझा आकार घडवला. मेणावर माती लिंपली, माती भाजली. मेण वाहून गेलं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं कासं ओतलं. मला समोरून तीन जाड, आडव्या पात्या होत्या. वरच्या बाजूला एक ओळ कोरली होती. ती देवाला केलेली विनंती होती, की ही चोच नेमकी शत्रूच्या जहाजाच्या कुशीत लागू दे. माझं काम तेवढंच होतं. माणसांनी वल्ही मारायची, जहाज वेगानं न्यायचं आणि मी पाण्याखालून समोरच्या जहाजाची फळी फोडायची.

समोरचं जहाज रोमचं असे. सिसिली नावाच्या बेटावरून कार्थेज आणि रोम यांचं युद्ध जुंपलं होतं. रोमची माणसं जमिनीवर लढणारी. त्यांच्याकडे आधी धड जहाजंच नव्हती. मग आमचं एक जहाज त्यांच्या किनाऱ्यावर अडकलं. त्यांनी ते खोलून पाहिलं आणि दोन महिन्यांत तशीच शंभर जहाजं बांधली. आमच्याकडून शिकून ते आमच्यावर चालून आले.

एकदा आम्ही जिंकलो. त्या दिवशी मी दोन जहाजं फोडली. बंदरात परतल्यावर लोकांनी माझ्यावर तेल चोळलं, फुलं वाहिली आणि बायकांनी मुलांना उचलून मला हात लावायला लावला. त्यानंतर शहराला वाटलं, आता रोमवाले समुद्रात येत नाहीत. जहाजं गोठ्यात बांधून ठेवली. वल्हेकरी आपापल्या घरी गेले. सात-आठ वर्षं मला कुणी पुसलंसुद्धा नाही.

मग एका वसंतात धावपळ झाली. रोमनं पुन्हा मोठं आरमार बांधलं होतं आणि सिसिलीतलं आमचं सैन्य उपाशी होतं. जुने वल्हेकरी मिळेनात, म्हणून जी माणसं सापडली ती बसवली. माझ्या अगदी मागच्या बाकावर गिस्को नावाचा कुंभार होता. त्याला लाटा सोसत नव्हत्या. दोन दिवस तो वाकून ओकत होता आणि मधेच शेजाऱ्याला सांगत होता, "भट्टी अर्धी लावून आलोय. बायको विझवेल ना?"

जहाजं धान्यानं इतकी भरली होती की ती धड वळत नव्हती. बेटांच्या आडून रोमची हलकी जहाजं आली. त्यातल्या एकाला मी धडकले. फळी फुटली, पण मीही मागच्या बाजूनं मोडले आणि जहाजापासून सुटले. पाण्यात जाताना मला वर गिस्को दिसला. त्याच्या हातात वल्हं होतं. नंतर तोही खाली आला, माझ्यापासून थोडा दूर.

मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. खाली गार होतं आणि अंधार होता. गव्हाची पोती हळूहळू फुटली. माझ्यावर शिंपले बसले. बावीसशे वर्षांबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात मी अडकले. त्या लोकांनी मला धक्क्यावर टाकलं. तिथे मी दोरखंड बांधायच्या कामी आले, मग त्याही कामाची राहिले नाही. कुणीतरी मला भंगारात दिलं. मोडक्या गाड्या, पाइप, इंजिनं यांच्याबरोबर मला एका कंटेनरमध्ये भरलं. पुन्हा समुद्र आला, पण या वेळी मी बंद डब्यात होते. मग ट्रक, आणि मग जालना एमआयडीसी.

इथे सळई बनवण्याचे कारखाने आहेत आणि त्यांना देशोदेशीचं भंगार लागतं. आवारात क्रेनला लटकवलेलं मोठं चुंबक फिरतं. लोखंड टणाटण उडून त्याला चिकटतं. मी चिकटले नाही. ढीग संपला आणि मी खाली तशीच पडून राहिले.

तिथे पुष्पाबाई काम करत होती. लोखंडातून पितळ, तांबं, अॅल्युमिनियम निवडून वेगळं काढायचं, हे तिचं काम. तिनं माझ्यावर पहार वाजवली, आवाज ऐकला आणि मुकादमाला म्हणाली, "राधेश्यामभाऊ, हे लोखंड न्हाई. पितळासारखं वाजून राह्यलं."

"मंग टाक पितळात," राधेश्याम मुकादम म्हणाला. "टेंपो आला की जाईल."

मी जड होते. दोघी-तिघींनी मिळून मला पत्र्याच्या सावलीत सरकवलं. टेंपो आठ दिवसांनी यायचा होता. तोवर पुष्पाबाई जेवायच्या सुट्टीत माझ्यावर बसून भाकरी खायची. ती कुणाशी बोलत नसे. बाकीच्या बाया हसल्या की ती त्यांच्याकडे बघायची, पण हसायची नाही. तिचा नवरा भारत जवळच्याच एका कारखान्यात भट्टीवर होता. दोन वर्षांपूर्वी भट्टीत ओलं भंगार पडलं, वितळलेलं लोखंड उसळलं आणि तो गेला. हे मला बाकीच्या बायांच्या कुजबुजीतून कळलं. पुष्पाबाईच्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. मुकादम म्हणेल ते ती करायची. "बरं" एवढाच तिचा शब्द.

तिची मुलगी तृप्ती कॉलेजात इतिहास शिकते. मायलेकी मस्तगडला भाड्याच्या खोलीत राहतात. एका दुपारी आई डबा विसरली म्हणून तृप्ती तो घेऊन आली. पुष्पाबाई जेवत होती आणि तृप्ती माझ्या अंगावरचा हिरवा मळ नखानं खरवडत बसली होती. अचानक तिचं नख थांबलं.

"आई, ऊठ बरं."

"का गं?"

"ही अक्षरं हायेत."

"गंज असंल."

"गंज असा एका ओळीत येत न्हाई, आई."

तिनं ओढणी ओली करून माझं अंग पुसलं. मोबाइलवर फोटो काढले आणि कॉलेजातल्या काकासाहेब सरांना पाठवले. सर इतिहास शिकवतात. त्यांनी ते आणखी कुणाकुणाला पाठवले. दोन दिवसांनी तृप्ती धावतच आली. दम लागलेला होता, तरी आईच्या शेजारी बसून ती मोबाइलवर आलेलं उत्तर वाचू लागली. मी खाली होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

मित्रांनो, माझं शहर उरलं नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

मी बुडाले ते युद्ध आम्ही हरलो. त्यानंतर दुसरं युद्ध झालं, तेही हरलो. मग रोमच्या एका म्हाताऱ्या पुढाऱ्यानं ध्यास घेतला की कार्थेज नष्ट झालंच पाहिजे. कार्थेजनं लढाई टाळायला आपली सगळी शस्त्रं देऊन टाकली. ती हाती आल्यावर रोमनं सांगितलं, शहर सोडा आणि समुद्रापासून पंधरा किलोमीटर आत जाऊन राहा.

पुष्पाबाईचा घास हातातच राहिला. "मेंढरावाल्याला मेंढरं इकून राहा म्हणल्यावानी झालं हे." तिचं माहेर वाटूरकडचं आणि तिचा बाप मेंढरं राखायचा.

"तसंच," तृप्ती म्हणाली. "त्येंनी ऐकलं न्हाई. तीन वर्षं लढले. शस्त्रं न्हवती, मंग घरातली भांडी वितळवून तलवारी केल्या. दगड फेकायच्या यंत्राला दोर न्हवते, तर बायांनी आपले केस कापून दिले."

"आन् मंग?"

"मंग शहर जाळलं. कितीतरी दिवस जळत व्हतं. उरलेली पन्नास हजार माणसं गुलाम म्हणून इकली."

पुष्पाबाईनं हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाली, "त्येंची नावं हायेत का, त्या बायांची?"

"न्हाई, आई. जे लिवलं ते रोमवाल्यांनी अन् त्येंच्या बाजूच्यांनी लिवलं. कार्थेजच्याबी पुढाऱ्यांचीच नावं हायेत."

मला तेव्हाही रडू आलं नाही. गोल बंदर, तेल चोळणाऱ्या बाया, त्यांची मुलं, गिस्कोची अर्धी लावलेली भट्टी, हे सगळं मी एकामागून एक आठवलं. ते सगळं इतक्या वर्षांपूर्वी गेलं होतं आणि मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. आपल्या घरची बातमी इतक्या उशिरा आली तर तिचं काय करायचं असतं, मला ठाऊक नव्हतं. पुष्पाबाई माझ्यावर तशीच बसून होती. तिनं डबा बंद केला आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. अख्खी मी त्यात चढत नव्हते, म्हणून राधेश्यामनं गॅस कटरवाल्या सुग्रीवला बोलावलं. त्यानं ज्योत पेटवली आणि माझी एक पाती कापली. ती खाली पडली तेव्हा घंटेसारखा आवाज झाला. पुष्पाबाई पलीकडच्या ढिगावर होती. तो आवाज ऐकून ती आली, डोक्याचा पदर खोचला आणि माझ्यावर येऊन बसली.

"पुष्पाबाई, बाजूला व्हय," सुग्रीव म्हणाला. "भाजंल."

"न्हाई."

राधेश्याम आला. "काय चाललंय? टेंपो थांबलाय. मला साहेबाचे फोन येऊन राह्यले."

"तृप्तीच्या सरांनी तहसीलला कळवलंय. सरकारी माणसं येऊन राह्यली. तवर हे कापायचं न्हाई."

"आन् न्हाई आली तर?"

"तवर मी हितंच बसते."

"मंग उद्यापासून कामाला येऊ नको."

मला वाटलं, आता ती नेहमीसारखं "बरं" म्हणेल. ती म्हणालीही, "बरं." पण उठली नाही.

सुग्रीवनं कटर विझवला आणि नळी गुंडाळायला लागला. राधेश्याम त्याच्याकडे बघत राहिला, पण पेटव म्हणाला नाही. तोही तिच्यासारखाच तिथे राबणारा माणूस होता. थोड्या वेळानं त्यानं टेंपोवाल्याला हातानंच जायला सांगितलं. कापलेली पाती मात्र टेंपोत गेली होती. ती आता कुठल्या नळाची तोटी झाली असेल, कुणास ठाऊक.

तीन तास पुष्पाबाई उन्हात बसून होती. मी चटका बसण्याइतकी तापले होते, तरी ती हलली नाही. बायांपैकी एकीनं तिच्या डोक्यावर पोत्याचा आडोसा धरला. मग तलाठी, तहसीलचे दोघं आणि काकासाहेब सर आले. सरांनी चप्पल काढून माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पंचनामा सुरू झाला.

"वस्तू कुणाला सापडली?" तलाठ्यानं विचारलं.

"कंपनीला," राधेश्याम म्हणाला.

"माझ्या आईला," तृप्ती म्हणाली.

तलाठ्यानं राधेश्यामकडे पाहिलं. तो खाली बघून म्हणाला, "तिनंच काढली. लिवा तिचं."

"पूर्ण नाव सांगा, बाई."

"पुष्पाबाई भारत खरात." मग तिला वाटलं, तलाठी मधलं नाव गाळेल. ती पुढे सरकून म्हणाली, "भारत लिवा साहेब. नीट लिवा. ते भट्टीवर गेले तवा ठेकेदाराच्या हजेरीत त्येंचं नाव न्हवतं. पेपरातबी एक कामगार एवढंच आल्तं. दोन वर्षं झाली, कुठल्याच सरकारी कागदावर ते तिथं व्हते असं लिवलेलं न्हाई."

आवारातली क्रेन बंद होती. राधेश्यामनं टोपी काढून हातात धरली. तलाठ्यानं कागद जवळ ओढला. त्यानं नाव लिहिलं. मग तिच्याकडे बघून त्यानं खाली आणखी एक ओळ घातली आणि मोठ्यानं वाचली, "सदर महिला कै. भारत खरात, भट्टी कामगार, जालना एमआयडीसी, यांची पत्नी आहे."

पुष्पाबाई रडली नाही. ती म्हणाली, "परत एकदा वाचता का?"

त्यानं परत वाचलं.

मला गाडीत चढवलं तेव्हा ती फाटकाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती तृप्तीला तो कागद कुठे ठेवतात, त्याची नक्कल मिळते का, हे विचारत होती. पुढे राधेश्यामनं तिला कामावर परत बोलावलं, असं मला बघायला आलेल्या काकासाहेब सरांकडून कळलं. ती नक्कल घेऊन आधी भारत ज्या भट्टीवर होता त्या कारखान्याच्या फाटकावर गेली आणि मगच कामाला आली.

मित्रांनो, मला काचेच्या पेटीत ठेवा किंवा ठेवू नका, त्यावर माझा हट्ट नाही. धूळ पुसली नाही तरी मी झिजणार नाही. पण तुमच्या गल्लीतून जी माणसं पहाटे डबा घेऊन गाडीवर निघतात, त्यांना कधीतरी थांबवून नाव विचारा. पूर्ण नाव विचारा. आणि घरी येऊन ते वहीत लिहून ठेवा.