मेलेल्या राजाचे पाय

माझ्या नणंदेचं नाट्यगृह आहे आणि माझं शिलाई मशीन. नातं जवळचं, म्हणून काम देताना ती कागद करते. "दिलेल्या मापात सूतभरही फरक चालणार नाही," हे वाक्य तिचंच.

गेल्या खेपेला रंगमंचाचा पडदा शिवला तो दोन बोटं आखूड झाला. मखमल आटली, दुसरं काही नाही. सगळ्या नटमंडळींसमोर तिने टेप लावली.

"करार पुरा केलास तर केलास, वहिनी. नाहीतर काहीच केलं नाहीस. घरचे म्हणून वाट्टेल ते गळ्यात मारायचं का?"

नट हसले. पडदा घरी आला. त्याच मखमलीत सोफा, गाद्या, फ्रिजचं कव्हर, सगळं मरून रंगाचं झालं. आमच्याकडे पाहुणा बसला की तिसऱ्या घंटेची वाट बघतोय असं वाटतं.

मी ते "गळ्यात मारायचं" विसरले नाही.

दुसऱ्या शिंप्याचा पडदा दोन हंगामांत विरला, तेव्हा ती पुन्हा आली. कागद तोच, वाक्य तेच, फक्त माप तिने स्वतः घेतलेलं. आकडा बघताच मला कळलं, वीतभर कमी आहे. तालमीचा लाकडी चौथरा पडद्याखालीच असतो, खेळाच्या वेळी तो काढतात. बाईसाहेबांनी टेप तिथपर्यंतच सोडली होती.

"सांग की तिला," नवरा म्हणाला. बहीण ना त्याची.

"सांगायचं करारात नाही."

"अगं, पण..."

"सूतभरही फरक चालत नाही, असं तुमच्याच घरचं म्हणणं आहे."

शिवला. इतका नेमका शिवला की टेपलाही लाज वाटावी. तिने चारही कडा मोजल्या आणि "काम करारानुसार पूर्ण, तक्रार नाही" अशी ऐटीत सही केली. मी मोकळी झाले.

पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बसले, नवी साडी नेसून. शेवटी राजा मेला. राणीने हंबरडा फोडला, बायकांनी डोळे पुसले, पडदा पडला. आणि त्याच्याखाली, वीतभर उजेडात, राजाचे पाय उठले, चप्पल शोधत उड्या मारू लागले. राणीच्या पायाने एक चप्पल त्याच्याकडे ढकलली. हसून हसून लोकांच्या खुर्च्या करकरल्या.

नणंद धावतच आली. "वहिनी, तुला माहीत होतं!"

"माप तुमचं, वन्सं. सही तुमची."

"उद्या पुन्हा खेळ आहे गं. काय करू मी?"

तिचा चेहरा बघून मला दया आली, खोटं कशाला बोलू? खरं तर दुमडीत मी वीतभर कापड जास्त धरलं होतं. उसवून सोडलं की झालं. सूड घ्यायचा म्हणून कापड का मारायचं?

"सोडते पडदा खाली," मी म्हटलं. "पण करार नवा. आणि माझी एकच अट. तेव्हा जे नट होते, त्यांच्यासमोर म्हणायचं, पहिला पडदा चांगला होता."

नट गोळा झाले. राजा अजून एकाच चपलेत होता. नणंदेने जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटलं.

मी गळ्यातली टेप काढून सावकाश गुंडाळली.

"सूतभर कमी ऐकू आलं, वन्सं. पुन्हा म्हणा."