परसाची घडी

थंडी पडली की त्या गल्लीत परसं घडी करून घरात घेतात. दहिवराने माती बिघडते म्हणून. मार्गशीर्षातल्या एका रविवारी शलाका आणि तिचा नवरा श्रीपाद आपल्या परसाची चार टोकं धरून समोरासमोर उभे राहिले, चादर झटकतात तसं त्यांनी ते एकदा झटकलं, वाळकी पानं आणि एक गोगलगाय खाली पडली, मग घडीवर घडी घालून ते ट्रंकेत गोधड्यांच्या खाली गेलं. वर कडुलिंबाचा पाला. मागचं दार उघडलं की आता पलीकडच्या गल्लीतल्या घराचं मागचं दार नाकाला लागायचं. हिवाळ्यात सगळ्यांचंच तसं होतं. रथसप्तमीला परसं पुन्हा अंथरली की घरं आपापल्या जागी सरकतात.

काय कुठे लावायचं ते मात्र हिवाळ्यातच ठरवायचं, कारण घडी आहे तोवर त्या मातीत सुई चालते.

शलाकाचं हे ठरवण्याचं पहिलंच वर्ष. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती नवी होती, दुसऱ्यात पोटुशी. आता ठकू दहा महिन्यांची होती आणि दुपारी पाऊण तास झोपायची, कधी अर्धाच. तेवढ्यात शलाका ट्रंक उघडायची, परसाची एकच घडी मांडीवर घ्यायची आणि आईने राखेत घालून दिलेलं बी एकेका धावटाक्याने जागच्या जागी टाचायची. दुधी भिंतीकडे. घेवडा कुंपणाला. अंबाडी, चवळी, मधे वांग्याची ओळ. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने सगळ्याचा नकाशाही काढला होता. एका कोपऱ्यात मात्र तिने काही टाचलं नाही. ठकूची नाळ तिथे पुरली होती. नकाशावर तिथे तिने नुसता एक गोल काढला आणि आत लिहिलं, ठकू.

ठकू अजून धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. शेजारणी पांगुळगाडा आणा म्हणायच्या. शलाकाला घाई नव्हती. लेकीचं पहिलं पाऊल तिला फरशीवर पडायला नको होतं. त्या गोलात पडायला हवं होतं.

श्रीपाद त्या दिवसांत फार गोड वागला. कुठवर आलं, कोपरा कोणता, माती अजून ओली लागते का, असं रोज विचारायचा. त्याची थोरली बहीण कुंदाताई गल्लीच्या टोकाच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली होती. तिथे परस नव्हतं, नुसती गॅलरी. कुंदाताई येऊन बसायच्या, नकाशा गुडघ्यावर पसरायच्या आणि म्हणायच्या, हात गुणाचा आहे हो हिचा.

सगळं बी टाचून झालं, ट्रंक बंद झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि ठकूचं बोरनहाण एकाच दुपारी केलं. तू मुलीत गुंतलेली, वाणाचं मी बघते, असं कुंदाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. ठकू काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओघळले तेव्हा तिने त्यातलं एक बोर उचलून आधी आईच्या तोंडात कोंबलं.

मग वाण आलं. वर्तमानपत्रात बांधलेल्या अकरा पुड्या. शलाकाने त्या कुंदाताईंपुढे सरकवल्या, तर त्यांनी परत तिच्याकडे ढकलल्या.

"हात तुझाच हवा. ज्या घरचं वाण, त्या घरच्या बाईचा हात."

शलाकाला वाटलं, ब्लाउजपीस असतील. दरवर्षी तेच असतात. पुड्या दमट लागल्या, पण बोरं धुतल्या हातांनी बांधल्या असतील. तिने एकेकीला कुंकू लावलं आणि एकेक पुडी पदरात घातली. शेवटची कुंदाताईंच्या. सोनटक्के काकू उठता उठता म्हणाल्या, "मन मोठं आहे बाई तुझं. मला नसतं जमलं." त्यावर बाकीच्या बायका एकदम हलव्याच्या वाट्यांकडे बघायला लागल्या.

रथसप्तमीला दूध उतू घालायचं ते परसात. शलाकाने बोळकं, गोवऱ्या, दूध सगळं मागच्या दाराशी मांडलं आणि ट्रंक उघडली. पाला होता. गोधड्या होत्या. त्यांच्या खाली चार बोटं रुंदीचा नुसता काठ होता, कात्रीने सरळ कापलेला, त्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीची एक गाठ.

श्रीपाद दाढी करत होता. तो आरशातूनच बोलला.

"ताईला एक तुकडा हवा होता. गॅलरीपुरता."

"मग बाकीचं?"

"तिला एकटीला कापून दिलं असतं तर तू परत मागितलं असतंस. वाण परत मागता येत नाही." त्याने हनुवटी वर केली आणि गळ्यावरून वस्तरा फिरवला. "आणि मी कुठे दिलं? तूच दिलंस, तुझ्या हाताने."

त्या सकाळी गल्लीतली सगळी घरं आपापल्या जागी सरकली. यांचं तेवढं राहिलं. मागचं दार पलीकडच्या दाराला चिकटलं ते आता उघडेना. शेजारणींच्या परसात एकेक काळसर ठिगळ दिसायला लागलं, त्याच्या कडेला शलाकाचा टाका. एकीकडे दुधी उगवला, एकीकडे अंबाडी. बायका दारावर जुडी आणून द्यायच्या, तुझ्याच हातचं म्हणायच्या आणि नजर न मिळवता परत जायच्या. शलाका जुडी घ्यायची. मागायची नाही. वाण होतं ते.

ठकू मात्र रांगताना गल्लीच्या टोकाकडेच तोंड करायची. उलटी ठेवली तर बसून राहायची आणि हळूहळू फिरायची. शलाका तिला आपल्याकडे तोंड करून निजवायची, पण सकाळी तिचं डोकं त्याच बाजूला सापडायचं.

पाचव्या आठवड्यात शलाकाने तिला कडेवर घेतलं आणि तिसरा मजला चढली. नाळेचा कोपरा तेवढा मागायचा, रीत गेली खड्ड्यात, असं तिने जिन्यात ठरवलं होतं.

कुंदाताईंनी दार उघडलं आणि ठकूलाच आधी हात केला. गॅलरीत तो कोपरा अंथरलेला होता, अगदी भिंतीपासून भिंतीपर्यंत. दोरीला चिमट्याने शलाकाचा नकाशा लावला होता.

"बरं झालं आलीस. शेजारणींकडचं सगळं तुझ्या कागदाप्रमाणे उगवलंय. माझंच राहिलं होतं." त्यांनी गोलावर बोट ठेवलं.

शलाका तोंड उघडेपर्यंत ठकू कडेवरून घसरली. फरशीवर टेकलीच नाही, थेट मातीत उभी राहिली. कशाला न धरता. तिने एक पाऊल टाकलं. शलाकाचे हात टाळी वाजवायला आपोआप वर आले.

दुसरं पाऊल पडलं नाही. ठकूची बोटं मातीत गेली होती, मग घोटे गेले. शलाकाने तिला काखेत धरून उचललं तशी खालची माती फरशीसकट वर आली आणि ठकू कळवळली.

"ओढू नकोस," कुंदाताई म्हणाल्या. "नुकतं लागलेलं असतं. महिनाभर हलवायचं नाही."

त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. कोपर टेकवून पाणी कोमट असल्याचं बघितलं आणि पायांपाशी हळूच ओतलं. ठकू हसली. उचलून घे म्हणताना करायची तसे तिने दोन्ही हात वर केले, पण तोंड उन्हाकडे होतं.