तुतीचं जून पान

परभणीच्या एका संशोधन केंद्रात कावेरी सेलूकर तीन वर्षं उंदीर लठ्ठ करायची आणि मग त्यांना बारीक करायची. कणकेत डालडा आणि गूळ कालवून खाऊ घातला की पांढरे उंदीर फुगून पिंजऱ्यात लोळायचे. मग निम्म्यांना तुतीच्या पानांचा अर्क पाजायचा. ती रोज मानवतहून यायची. नामांतराच्या बंदमध्ये एसटी थांबली, तेव्हाही ती कुणाच्या तरी मालट्रकमधून आली होती. उंदरांना बंद कळत नाही, असं म्हणायची.

पहिलं वर्ष वाया गेलं, उंदीर काही बारीक होईनात. दुसऱ्या वर्षी पिंगळीहून पानं आणणाऱ्या बायनाबाईनं एकदा नुसती शेंड्याची कोवळी पानं आणली.

"जून पाला शेळ्यांनी खाल्ला, बाई. ह्येच ऱ्हायलं व्हतं. सावलीतच वाळवलंय."

त्या खेपेला उंदरांच्या पोटावरची चरबी उतरली. पिवळं, तेलकट झालेलं यकृत पुन्हा तांबूस दिसलं. कावेरीनं चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. तिनं धावत जाऊन प्रमुखांना, डॉक्टर विष्णुपंतांना सांगितलं, "सर, कोवळंच पान लागतं. सावलीत वाळवलेलं."

विष्णुपंत टपाल वाचत होते. "पान ते पान," ते म्हणाले. "आकडे आणून ठेवा."

तिनं आकडे आणून ठेवले. १९८५ साली पुण्याच्या परिषदेत विष्णुपंतांनी निबंध वाचला. छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. शेवटी बारीक अक्षरांत आभार होते : 'उंदरांची निगा राखल्याबद्दल कु. कावेरी सेलूकर.'

कावेरीनं ती ओळ दोनदा वाचली. मग आत जाऊन विचारलं, "सर, माझं नाव?"

"आहे की शेवटी," विष्णुपंत हसले. "आणि तुम्ही काय, उद्या लग्न करून जाल. नाव घेऊन करायचंय काय?"

त्या दिवसापासून तिनं त्या माणसाच्या पडण्याची वाट पाहायला सुरुवात केली. चहा पिताना, पिंजरे धुताना, गाडीत खिडकीशी बसून ती तेच घोकायची.

संधी आठ महिन्यांनी आली. मोठा प्रकल्प मंजूर करण्याआधी तिघांची समिती प्रयोग डोळ्यांनी पाहणार होती. पिंजऱ्यांना त्यांचं सील, जाळीतून सहा आठवडे अर्क, मग त्यांच्यासमोर तपासणी. विष्णुपंतांनी निबंधाची प्रत कावेरीच्या हातात दिली. "यात लिहिलंय तसंच करा. काही बदल नको."

निबंधात लिहिलं होतं : तुतीची पानं, उन्हात वाळवून.

दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं विचारलं, "बाई, कोवळं तोडू का जून?"

कावेरीच्या हातात ती प्रत होती. तिनं त्यातली ती ओळ पुन्हा वाचली. मग ती म्हणाली, "जून तोडा. गच्चीवर पत्र्यावर टाका."

"उन्हात? करपून जाईल की."

"साहेबांनी लिहिलंय तसंच करायचंय."

सहा आठवड्यांनी समितीनं सील तोडलं. उंदीर पिंजऱ्यात तसेच लोळत होते. पोटं उघडली तेव्हा आत पांढरी चरबी थरानं साचलेली होती, यकृतं हळदीसारखी पिवळी. विष्णुपंतांचा चेहरा घामानं डबडबला. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी कावेरीकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," ती म्हणाली.

ते गेल्यावर विष्णुपंत तिच्या टेबलाशी आले. "पानं बदललीत तुम्ही!"

"नाही सर. तुमच्या निबंधात आहे तसंच केलं. तुम्हीच लिहिलाय ना तो?"

ते खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले, आणि कावेरीनं ते दृश्य डोळे भरून पाहून घेतलं. महिन्याभरात त्यांचं प्रमुखपद गेलं. त्यांची पाटी उतरवताना ती मुद्दाम व्हरांड्यात थांबली होती.

समितीचा अहवालही आला : तुतीच्या पानांचा चरबीवर परिणाम होत नाही, काम बंद करावं.

पिंजरे हलवताना बायनाबाई म्हणाली, "मंग आपलं काम खोटंच व्हतं म्हणा."

कावेरीला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बायनाबाई खाली बसली.

"त्यानं तुमचं नाव खाल्लं, खरं हाय," ती म्हणाली. "पण ह्ये कोवळं पान मी आणलं व्हतं. माझं नाव कुटं व्हतं, बाई? तुमच्या वहीत तरी हाय का? तुमी तुमच्या भांडणात माझ्या हातानं जून पान तोडवलं."

कावेरीच्या वहीत 'कोवळी पानं, सावलीत' असं होतं. बायनाबाई कुठेच नव्हती.

बायनाबाई उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि पिंजरे न उचलताच निघून गेली.

कावेरीनं केंद्र सोडलं, मानवतच्या शाळेत शिकवायला लागली. दोन वर्षांनी तिनं त्याच प्रयोगासाठी अर्ज केला आणि वर दोघींची नावं लिहिली. उत्तर तीन ओळींचं आलं : हा विषय तपासून निकालात काढला आहे. अर्जाची प्रत आणि ते पत्र घेऊन ती पिंगळीला गेली. बायनाबाई दारात गहू पाखडत होती. कावेरीनं दोघींची नावं आणि मग पत्र वाचून दाखवलं, तरी तिनं सूप थांबवलं नाही.