तेरावं रीळ

सिनेमा सुटला की दाराशी उभं राहून लोक काय बोलतात ते ऐकायचं, ही माझी जुनी खोड आहे. पाटणच्या टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. शुक्रवारचा पहिला खेळ सुटला की मालक मला मशीनखोलीतून खाली पाठवायचे. "इलाही, जा, पब्लिकचं काय म्हणणं हाय बघ." बाहेर पडणारा माणूस पहिल्या दहा पावलांत खरं बोलतो. नंतर तो शहाणा होतो. त्या दहा पावलांवर आम्ही पिक्चर एक आठवडा ठेवायचा की तीन, ते ठरवायचो.

दीड महिन्यामागं कराडच्या नव्या थेटरात 'आखरी तिजोरी' सुटला तेव्हाही मी तसाच उभा राहिलो. त्याच नावाच्या जुन्या पिक्चरचा हा नवा अवतार. दोन दोस्त मिळून कॅसिनो लुटतात, एवढीच गोष्ट. जुन्यात कॅसिनो हॉटेलात होता, आता तो जहाजावर नेलाय. पण लोक काही बोलेनात. जो तो फोनमध्ये डोकं घालून जिना उतरत होता, जसा काही प्रत्येकानं एकट्यानंच पिक्चर बघितला. असल्या पब्लिकचा मला राग येतो. तिकिटाला अडीचशे रुपये घालता आणि एक शिवी हासडत नाही म्हणजे काय?

त्यांना बोलतं केलं ते एका पोरीनं. खाली पार्किंगपाशी ती माइक घेऊन उभी होती आणि तिच्या मैत्रिणीनं मोबाइल धरला होता. त्यांच्या चॅनेलसाठी लोकांची मतं घेणं चाललं होतं. एक कॉलेजवाला म्हणाला, "फर्स्ट हाफ कडक, सेकंड हाफला झोप आली." एक बाई म्हणाल्या, "हिरॉइनच्या साड्या लय चांगल्या हायत, पण चोरी करायला साडी नेसून कोण जातं?" एकानं पाचपैकी साडेतीन मार्क दिले आणि दीड कशाचा कापला ते त्याला सांगता येईना. मी मजेत ऐकत होतो. तेवढ्यात पोरीनं माइक माझ्याबरोबर आलेल्या नाथाजीपुढं धरला.

नाथाजी माझा दोस्त. पलटणीतून हवालदार म्हणून सुटला. उसाचं रान आता वाट्यानं दिलंय, बायको बनुबाई तीन वर्षांमागं गेली, मुलगा जयराज पुण्याला. माझी महेजबीन त्याच्याही आधी गेली आणि लेक अफसाना मिरजेला दिली आहे. ती दर शुक्रवारी फोन करते, बाकीचे सहा दिवस फोन वाजला तर तो कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचा असतो. रोज दुपारी चारला नाथाजी आणि मी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसायचो. त्या एका तासासाठी मी सकाळी उठून दाढी करायचो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"जुना मी अकरा वेळा बघितलाय," नाथाजी माइकात म्हणाला. छाती पुढं, हात पाठीमागं, साहेबापुढं उभा राहिल्यासारखा. "त्यात दोस्त दोस्तासाठी जीव देतो. सोता मागं थांबतो आन् हिरोला पुढं पाठवतो. ह्यांनी त्याला गद्दार करून टाकलाय. ज्यानं ह्यो पिक्चर काढला, त्यानं जुना बघितलेलाच न्हाई."

"आणि काका तुम्ही?" माइक माझ्याकडं वळला. "तुम्ही बघितलाय जुना?"

"बरा हाय पिक्चर," एवढंच म्हणून मी चपलेकडं बघत राहिलो.

जुना पिक्चर माझ्याइतका आख्ख्या तालुक्यात कुणी बघितलेला नाही. आणि त्यातही दोस्त गद्दारच होता. बाराव्या रिळाच्या शेवटी तो हिरोला म्हणतो, तू पुढं हो, मी मागची बाजू सांभाळतो. तेराव्यात तो हिरोला कॅसिनोच्या मालकाच्या ताब्यात देतो आणि हिरो निसटताना त्याला गोळी घालतो. चौदावं सुरू होतं तेव्हा हिरो समुद्राकाठी एकटा उभा असतो आणि दोस्ताची टोपी पाण्यात सोडून रडतो. पाटणला ते तेरावं रीळ पहिल्या दिवसानंतर दिसलंच नाही, कारण मी ते मशीनवर परत चढवलंच नाही.

कारण अगदी साधं होतं. त्र्याऐंशी साल. कोयनेच्या खोऱ्यात जाणारी मुक्कामाची एसटी नऊ वीसला सुटायची आणि आमचा संध्याकाळचा खेळ संपायला नऊ पंचवीस व्हायचे. सरकारी बातम्यांचं रीळ दाखवणं सक्तीचं, त्याला हात लावता येत नव्हता. पहिल्याच दिवशी तीसभर माणसांची एसटी चुकली. ती टॉकीजच्या आवारात झोपली आणि सकाळी त्यांनी मालकांच्या नावानं शिमगा केला. मालक मला म्हणाले, "कुठलं बी एक रीळ टाक बाजूला. गाण्याला तेवढा हात लावू नगंस." एक रीळ म्हणजे दहा मिनिटं. तेराव्यात गाणं नव्हतं. ते डब्यात राहिलं आणि त्याच्याशिवाय पिक्चर पाच आठवडे चालला. मला वाटलं होतं, पब्लिक ओरडेल. पण पब्लिकनं आपल्या मनानं गोष्ट जुळवून घेतली. दोस्त मागं थांबला आणि मेला, म्हणून हिरो रडतोय. दहा पावलांत बायका डोळे पुसत होत्या.

नाथाजी तेव्हा सुट्टीवर आला होता. एका संध्याकाळी खेळ सुटल्यावर तो सरळ जिना चढून मशीनखोलीत आला. माझी त्याची ओळखसुद्धा नव्हती. हुंदके देत म्हणाला, "त्यो टोपीचा शीन परत एकदा दावशील का?" मग त्यानं कृष्णातचं सांगितलं. पलूसचा कृष्णात, त्याच्याच तुकडीतला. डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली तेव्हा त्यानं नाथाजीला पुढं ढकललं आणि स्वतः खाली सापडला. दोन महिने झाले होते आणि नाथाजीनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. "त्याची टोपी बी गावली न्हाई रं," तो म्हणाला. तेराव्या रिळाचा डबा तेव्हा माझ्या स्टुलाखाली होता. मी त्याला पाणी दिलं आणि शेवटचं रीळ पुन्हा लावलं. अशा माणसाला मी काय सांगणार होतो? तो दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशीही. आमची दोस्ती तिथं सुरू झाली.

पुढं सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत बेचाळीस वर्षं गेली. टॉकीज पडली, तिथं कपड्यांचं दुकान झालं. वर्षातून दोन-चारदा तरी नाथाजी तो शेवट सांगायचा, त्याला जोडून कृष्णातचं सांगायचा, आणि मी मान हलवायचो.

त्या पोरीची चित्रफीत चार दिवसांत लाखभर लोकांनी बघितली. अफसानानं मला मिरजेहून पाठवली, "अब्बा, तुम्ही पण दिसताय बघा." साड्यांवाल्या बाईंना कुणी हसलं नाही. सगळे नाथाजीवर घसरले. 'आजोबांना बदाम चारा.' 'आजोबा शेजारच्या थेटरात गेले होते वाटतं.' 'अकरा वेळा झोपले असतील.' एकानं तर जुन्या पिक्चरचा तो तेराव्या रिळाचा तुकडाच खाली आणून चिकटवला. दोस्त हिरोला धरून देतो, हिरो गोळी घालतो, सगळं स्पष्ट. बेचाळीस वर्षांनी ते दृश्य मी पुन्हा बघितलं.

नाथाजी दोन दिवस चहाला आला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी त्याच्या घरी गेलो. दारात जयराजची गाडी होती. सून राजेश्वरी कपाटातले कपडे काढून पलंगावर लावत होती.

"बरं झालं आलात काका," जयराज हळू आवाजात म्हणाला. "मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला. दिवाळीत चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पण हे? अकरा वेळा बघितलेला सिनेमा अख्खा उलटा आठवतो त्यांना. बुधवारी पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आता तिकडंच राहतील आमच्याजवळ."

नाथाजी खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. हातात जयराजचा फोन. तो तुकडा संपला की बोटानं परत लावत होता. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "इलाही, तू तर मशीनवर हुतास. हे हुतं का रं त्यात? मला कसं काय आठवत न्हाई?"

मी जन्मात त्याला घाबरलेलं बघितलं नव्हतं. आता तो घाबरला होता. नुसतं 'होतं' म्हटलं असतं तर तो येडा ठरून पुण्याला गेला असता आणि माझी चारची वेळ संपली असती. 'आपल्याकडं नव्हतं' म्हटलं तर सगळंच सांगावं लागणार होतं. मी स्वतःचाच विचार केला, हे मान्य करतो. तो इथं राहावा, एवढंच मला हवं होतं.

"हुतं," मी म्हणालो. "पर तुला दिसलं न्हाई. पयल्या दिसानंतर कुणालाच दिसलं न्हाई. ते रीळ मी परत लावलंच न्हाई." आणि मी एसटीचं, मालकांचं, डब्याचं सगळं सांगून टाकलं.

जयराज मोठ्यानं हसायला लागला. "म्हणजे बाबांचं बरोबर होतं! काका, अहो हे आधी नाही का सांगायचं? आमचा जीव टांगणीला लावलात." राजेश्वरीनं हातातला शर्ट परत कपाटात ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. मलाही हलकं वाटलं. चांगलं वाटलं म्हणा ना. दोस्ताला वाचवल्यासारखं.

नाथाजी हसत नव्हता. त्यानं फोन खिडकीत ठेवला.

"टोपीचा शीन मी तुला किती वेळा सांगितला असंल?"

"लय वेळा."

"दरसाली सांगायचो. तू मान हलवायचास."

"व्हय."

"मागच्या पंचमीला सांगितला तवा तू म्हणलास, असा दोस्त नशिबानं मिळतो."

मी तसं म्हणालो होतो. मला स्वतःला आठवत नव्हतं, पण त्यानं सांगितल्यावर आठवलं.

"कृष्णातचं सांगून मी तुझ्यापुढं रडायचो. तवा बी तुला ठावं हुतं, त्यो पडद्यावरला दोस्त कसला हुता ते."

"ठावं हुतं. तुला बरं वाटायचं म्हणून म्या—"

"मला बरं वाटायचं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आन् तू बसून बघायचास."

राजेश्वरी चहा घेऊन आली. नाथाजीनं कप घेतला नाही. तो उठला, पलंगापाशी गेला आणि पलटणीत लावायचा तशी एकेका कपड्याची घडी पिशवीत लावायला लागला.

"बाबा, आता कशाला?" जयराज म्हणाला. "डॉक्टरची वेळ रद्द करतो मी. तुम्हाला काही झालेलं नाही."

"ते मला ठावं हाय. तरी बी येतो. हितं कोण हाय माझं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. गाडी निघाली तेव्हा मी फाटक लावून घेतलं, कारण ते लावायला दुसरं कुणी नव्हतं.

याला आता सव्वा महिना झाला. त्या माइकवाल्या पोरीला मी अफसानाकरवी खरी हकिगत कळवली. तिनं ती चॅनेलवर सांगितली आणि पब्लिकचं मत बदललं. 'आजोबा, माफ करा.' 'आजोबांची मेमरी एक नंबर.' माझ्यावरही आलंय बरंच, त्यातलं काही खोटं नाही. मी ते सगळं वाचून काढलं. नाथाजीनं वाचलं का, कळायला मार्ग नाही. त्याचा फोन लागतो पण तो उचलत नाही.

काल चार वाजता मी जयराजच्या घरच्या फोनवर लावला. राजेश्वरीनं उचलला. मी विचारलं, नाथाजी आहे का? मागून त्याचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत. "झोपलाय म्हणून सांग."

"बाबा झोपलेत, काका," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. "उठल्यावर सांगा, इलाहीचा फोन आला होता म्हणून."

"सांगते," ती म्हणाली.