हिंमतराव सर घरी आले

“बिस्किटं बशीत लाव व माय, पुडा तसाच नको नेऊ,” झुंबरकाकूंनी मला तिसऱ्यांदा बजावलं. शेजारीण म्हणून त्यांनी मला चहा करायला बोलावलं होतं, कारण सर येणार म्हणून त्या स्वतः सकाळपासून नुसत्या आत-बाहेर करत होत्या. बाहेरच्या खोलीत हिंमतराव सर बसले होते. सर पलंगावर, नव्या चादरीवर, आणि कडूबाकाका खाली फरशीवर. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच पलंगाखाली! माझं तर डोकंच फिरलं.

कडूबाकाका आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. घंटा, झाडू आणि मास्तरांना पाणी. शाळेला अनुदान उशिरा आलं, त्यामुळे पेन्शन नाही. निवृत्तीच्या दिवशी टॉवेल-टोपी आणि नारळ मिळाला, आणि पुढे सगळं मिळून साडेचार लाख रुपये. काकूंच्या बीपीच्या गोळ्या, दोघांचं पोट आणि उरलेलं आयुष्य, सगळं त्यातच बसवायचं होतं. एकुलती एक पूनम, ती सुरतेला दिलेली.

आणि आपल्याकडे सल्ला द्यायला माणसांची काय कमी! जावई म्हणाला प्लॉट घ्या, भाचा म्हणाला म्हशी घ्या, कुणी म्हणालं शेगावला गाळा घ्या, भक्तांची गर्दी कधी आटत नाही. मी गावच्या पोस्टात बसते. मी म्हटलं, काका, ज्येष्ठांच्या योजनेत ठेवा, दर तीन महिन्यांनी व्याज हातात आणि मुद्दल शाबूत. तर काका हसले.

“तुलेबी टार्गेट असनच ना, पोरी?”

राग आला, पण खोटं कसं बोलू? टार्गेट आहेच. मी म्हटलं, “मंग माह्यावर नका भरोसा ठेवू. कोणावरच नका ठेवू. पण जो सल्ला देईन त्याले एवढंच इचारा, तुमचा सोताचा पैसा कुठी हाय? मलेबी इचारा. माही आरडी माह्याच पोस्टात हाय, पासबुक दाखवते.”

काकांनी मान डोलावली. आणि दोनच दिवसांनी हिंमतराव सरांनी “घरी येतो” असा निरोप धाडला, तसे सगळं विसरून हुरळून गेले. गणिताचे सर! शेकडेवारी मला त्यांनीच शिकवलेली. निवृत्त झाल्यापासून ते एका पतसंस्थेसाठी ठेवी गोळा करत होते. एकतीस वर्षं काकांनी त्यांना पाणी दिलं, पण सरांनी या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. घरी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायची आपल्याकडे रीत नाही. त्यात आलेला माणूस सर असला, म्हणजे तर बोलायलाच नको.

“सर माह्या घरी येऊन राह्यले, रुपाली,” काका मला सांगत होते. “माह्या घरी!”

मी चहा घेऊन गेले तेव्हा काकांचा साडेचार लाखांचा चेक पलंगावर ठेवलेला होता. सरांनी आपल्या त्या वळणदार अक्षरात तो भरला होता. सहीची जागा तेवढी कोरी होती.

“चौदा टक्के, कडूबा,” सर म्हणाले. “पोस्टात एवढे कोण देतो? आणि मी आहे ना.”

“हाव सर, तुमी हाय म्हणूनच तं.” काकांनी पेन हातात घेतलं.

मी बशी जरा आपटूनच ठेवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पेन टेकलं होतं, ते त्यांनी उचललं.

“सर, एक इचारू? राग नका मानू.”

“विचार की.”

“तुमचा सोताचा पैसा कुठी हाय?”

मला उत्तर ठाऊक होतं. दर तिमाहीला सरांचं व्याज मीच माझ्या हातानं त्यांना देते. पण एका खातेदाराची गोष्ट दुसऱ्याला सांगणं आमच्या कामात बसत नाही, म्हणून तर मी काकांना नुसता प्रश्न दिला होता. आता सर म्हणाले असते ‘पतसंस्थेतच आहे’, तर काकांनी डोळे झाकून सही केली असती.

सरांनी चहावर फुंकर मारली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“पोस्टात,” ते म्हणाले.

“समदा?”

“सगळा.” मग सर एकदम आमच्यासारखंच बोलायला लागले. “मलेही पेन्शन नाही ना बे, कडूबा. तुह्या चेकमागं मले साडेचार हजार कमिशन भेटलं असतं.”

त्यांनी चेक स्वतःच फाडला, तुकडे खिशात घातले आणि उठले. काकू दारातून म्हणाल्या, “चहा तं घ्या सर, थंडा होऊन राह्यला.” सर थांबले नाहीत. काका मात्र धावले, वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या, शाळेत ठेवायचे तशाच.

नंतर किती तरी वेळ काका त्या भरल्या कपाकडे बघत बसले. “नसतं इचारलं तं बरं झालं असतं,” ते म्हणाले.

“अन् पैसा बुडाला असता म्हणजे?”

“तेबी खरं हाय. पण सर एकदाच आले होते ना व.” त्यांचे डोळे भरले होते. मी तो कप उचलून आत नेला.

पुढच्याच आठवड्यात काका पोस्टात आले. फॉर्म भरला, नॉमिनी म्हणून काकूंचं नाव घातलं. साक्षीदाराची सही राहिली. तेवढ्यात तिमाहीचं व्याज काढायला हिंमतराव सर आले. काकांना बघून दारातच थबकले. मी म्हटलं, झालं, आता हे माघारी जाणार!

पण सर आत आले. टेबलावरचा फॉर्म त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला, आकडे दोनदा तपासले आणि साक्षीदार म्हणून सही केली. मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या माठाकडे गेले आणि पेला भरून काकांसमोर धरला.

“घे, कडूबा. पायी आला असशील.”

काका बाकावर बसलेले होते. ते उठून उभे राहिले. सरांच्या हातचं पाणी बसून पिणं त्यांना काही जमलं नाही.